तेगूरकर सरांची आठ अंकी संख्या

"सर, तुमचं नाव सांगा," मी विचारलं.

"एळु, मूरु, ओंबत्तु, मूरु, ओंबत्तु, ओंदु, मूरु, मूरु," तेगूरकर सर म्हणाले.

मी शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीकडे बोट दाखवलं. या कोण, म्हणून विचारलं. पुन्हा तेच. सात, तीन, नऊ, तीन, नऊ, एक, तीन, तीन. कन्नडमध्ये, एका सुरात, शाळेत पाढे म्हणावेत तसं. टेबलावर पेन ठेवलं, पेला ठेवला, घड्याळ ठेवलं. प्रत्येक वस्तूचं नाव तेच आकडे.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. हुबळीत देशपांडे नगरात माझं क्लिनिक आहे. लोक डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. उशिरा बोलणारी मुलं, अडखळणारी मुलं, घशाचं ऑपरेशन झालेली माणसं माझ्याकडे येतात. आणि स्ट्रोकनंतर भाषा गेलेली माणसं येतात. सर त्यातले.

भाषा जाण्याला आमच्याकडे अफेजिया म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही की हे होतं. जीभ, ओठ, गळा सगळं ठीक असतं, पण शब्द सापडत नाही. काहींना दुसऱ्याचं बोलणंही कळेनासं होतं. काहींचा मेंदू एकाच शब्दावर अडकतो, त्याला पर्सिव्हरेशन म्हणतात. माझ्याकडे एक बस कंडक्टर यायचे. त्यांना काहीही विचारा, उत्तर "मुंद होग्री", म्हणजे पुढं सरका. त्यांच्या पत्नीलाही तेच, देवालाही तेच. सरांचंही तसंच असावं, असं मला वाटलं. फक्त शब्दाच्या जागी आकडे.

सर धारवाडच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. घर धारवाडच्याच केलगेरीत, तळ्यापासून जवळ. घरात मराठी, पण प्राथमिक शाळा कन्नड, म्हणून आकडे कन्नडमध्ये. यात नवल काही नाही. आमच्या भागात माणूस घरी एका भाषेत रागावतो आणि दुसऱ्या भाषेत बेरीज करतो. हा आकडा कुठला, म्हणून मी त्यांच्या पत्नीला, सुमतीअक्कांना, विचारलं. जुना फोन नंबर? गाडीचा? कसला तरी खाते क्रमांक? त्यांनी सगळ्याला नाही म्हटलं.

"दिवसभर हेच म्हणत बसतात हो," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा मी उत्तर द्यायची. आता बोलायचंच सोडलंय. भिंतीशी काय बोलायचं?"

न्यूरोच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, की बोलणं अर्थहीन, समज जवळजवळ शून्य. माझ्या टेस्टमध्येही वेगळं काही निघालं नाही. डोळे मिटा म्हटलं, सरांनी मिटले नाहीत. छताकडे बोट दाखवा म्हटलं, त्यांचा डावा हात मांडीवरून जरा उचलला गेला आणि परत पडला. उजवा तर स्ट्रोकनं गेलेलाच होता. हो-नाहीचे प्रश्न विचारले. तुम्ही धारवाडला राहता का? मान हो. तुम्ही लहान मुलगा आहात का? मान हो.

शनिवारी त्यांचा मुलगा श्रीधर बेंगळुरूहून आला. सॉफ्टवेअरमध्ये आहे, सरळ माणूस. त्यानं मला स्पष्ट सांगितलं. आईच्यानं आता एकटीनं होत नाही. त्याला दोघांना बेंगळुरूला न्यायचंय, पण अप्पांचा, म्हणजे सरांचा, जीव या घरात आहे. लहानपणापासून तो त्यांच्या तोंडून ऐकत आलाय, की मी धारवाड सोडणार नाही.

"मला एकच सांगा, मॅडम," तो म्हणाला. "अप्पांना कळत असेल तर मी त्यांना जबरदस्तीनं हलवणार नाही. कळत नसेल तर त्यांना केलगेरी काय आणि बेंगळुरू काय, सारखंच. मग मी आईचं बघेन."

हे तो सरांच्या समोरच बोलला. सर आम्हा दोघांच्या मधे व्हीलचेअरवर होते. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी रिपोर्टसाठी आठवडाभराची मुदत मागितली. कारण दोन गोष्टी मला खटकत होत्या.

पहिली म्हणजे सर दरवेळी आठही आकडे म्हणत नसत. कधी चारवर थांबत, कधी सहावर. पण सुरुवात नेहमी सातपासून आणि क्रम कधी चुकत नसे. अडकलेला मेंदू असा हव्या त्या ठिकाणी थांबत नाही. तो गिरणीच्या पट्ट्यासारखा फिरत राहतो.

दुसरी गोष्ट हाताची. सांगितलं की हात हलत नाही, पण चष्मा घसरला की तोच हात नेमका नाकावर जातो. याला अप्रॅक्सिया म्हणतात. हातात ताकद असते, हुकूम कळलेला असू शकतो, पण हुकमावरून हालचाल जुळत नाही. स्वतःच्या मनानं केलेली हालचाल मात्र जुळते. म्हणजे माझ्या टेस्टमध्ये सर नापास झाले, ते न कळल्यामुळे की हातामुळे, हे मला सांगता येत नव्हतं.

म्हणून पुढच्या वेळी मी हुकूम देणंच बंद केलं. मुलांसाठी ठेवलेले प्लॅस्टिकचे आकडे ट्रेमध्ये घालून त्यांच्यासमोर सरकवले आणि गप्प बसले. सरांनी थोडा वेळ पाहिलं. मग डाव्या हातानं सात उचलून टेबलावर ठेवला. त्याच्या उजवीकडे तीन. मग नऊ. मग तीन. आकड्यांची ओळ सरळ होती.

तिथं मी मधे पडले. 7393 च्या पुढे मी चार ठेवला. सरांनी तो बोटानं बाजूला सारला. मी आठ ठेवला, सारला. पाच ठेवला, तोही सारला. मग त्यांनी स्वतः नऊ ठेवला.

पाठांतर, असं मी मनाशी म्हटलं. आकडे तोंडपाठ आहेत आणि त्यात बदल चालत नाही. पोपटालाही हे जमतं. हे तपासायचं म्हणून मी सगळे आकडे गोळा केले आणि सुरुवातीपासून मांडले. सात, तीन. तिसऱ्या जागी नऊ हवा, तिथं मी एक ठेवला. सरांनी सारला. सात ठेवला, सारला. मग तीन ठेवला.

तो त्यांनी सारला नाही.

ते त्या 733 कडे बघत राहिले. भुवया वर गेल्या. मग त्यांनी पुढे आणखी एक तीन लावला, त्यापुढे एक. 73331. आणि तिथं हात मागे घेतला. पुढचा एकही आकडा ते ठेवून घेईनात. मी शून्यापासून नऊपर्यंत सगळे ठेवून पाहिले, सगळे बाजूला गेले.

माझा विरस झाला. पाठांतर असतं तर तिसऱ्या जागी त्यांनी नऊच मागितला असता. म्हणजे हे पाठांतरही नव्हतं. मग काय, मनाला येईल ते? पण मनाला येईल ते असेल तर एक नको आणि तीन हवा, हे कशासाठी?

माझं गणित एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, संपलं. तरी एवढं दिसत होतं, की सम आकडा आणि पाच ते शेवटी कधीच ठेवून घेत नव्हते. शेवटी सम आकडा आला की संख्येला दोननं भाग जातो. पाच आला की पाचनं. मी मोबाईल काढला. ज्या संख्या त्यांनी नाकारल्या होत्या त्या आधी घातल्या. 731 म्हणजे सतरा गुणिले त्रेचाळीस. 737 म्हणजे अकरा गुणिले सदुसष्ट. मग त्यांनी ठेवून घेतलेली 733 घातली. मोबाईलनं सांगितलं, की हिला कशानंच भाग जात नाही. मूळ संख्या.

मूळ संख्या शाळेत सगळ्यांनी शिकलेली असते आणि सगळे विसरतात. एक आणि ती स्वतः, या दोन सोडून जिला कशानंच भाग जात नाही ती. सात, अकरा, तेरा. बारा लाडू दोघांत वाटता येतात, तिघांत, चौघांत येतात. तेरा लाडू कसेही वाटा, कुणाच्या तरी ताटात कमी पडतात. छोट्या संख्यांमध्ये अशा पुष्कळ असतात. संख्या मोठी होत जाते तशा त्या विरळ होत जातात.

मी सरांचा आकडा पहिल्यापासून घातला. 7, मूळ. 73, मूळ. 739, मूळ. 7393, मूळ. 73939, मूळ. माझ्या अंगावर काटा यायला लागला होता. 739391, मूळ. 7393913, मूळ. 73939133, मूळ.

सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. हिला कशानंच भाग जात नाही. शेवटचा आकडा पुसून टाका, उरलेल्या संख्येलाही भाग जात नाही. आणखी एक पुसा, तिलाही नाही. पुसत पुसत सातवर या, प्रत्येक पायरीला न फुटणारी संख्या.

बाहेर पुढचा पेशंट आपल्या नातवाला घेऊन थांबला होता. मी त्यांना जरा बसायला सांगितलं. सुमतीअक्का काय झालं म्हणून विचारत होत्या. मी नुसती सरांकडे बघत होते आणि सर माझ्याकडे.

त्या संध्याकाळी मी याबद्दल मिळेल ते वाचलं. अशा संख्या सगळ्या मिळून त्र्याऐंशीच आहेत. संख्यांना अंत नाही, पण या जातीच्या त्र्याऐंशीच, त्यापुढे एकही नाही. सरांची त्यातली सगळ्यांत मोठी. मी स्वतः त्या वाटेनं जाऊन पाहिलं. पाच आकडे झाले की सहाव्या जागी चार दारं उघडी असतात: एक, तीन, सात, नऊ. चारही मूळ संख्या देतात. पण सात आणि नऊ घेतले तर पुढे भिंत. तीन घेतला तर आणखी एक पाऊल, मग भिंत. एक घेतला तरच आठव्या आकड्यापर्यंत पोचता येतं. 733 ची वाटही अशीच पाचव्या आकड्याला संपते. सरांनी हात मागे घेतला होता तो नेमका तिथंच.

ही संख्या कुणी बनवलेली नाही. कुणी मोजायला सुरुवात केली नव्हती तेव्हाही ती तिथं होती. आणि केलगेरीच्या एका माणसाच्या डोक्यात, जिथून बायकोचं नावही निसटलं होतं, तिथं ती जागची हलली नव्हती. या धंद्यात मी मेंदूचे बरेच फोटो पाहिलेत. सरांच्या फोटोत डावीकडे तळहाताएवढा भाग काळा होता. तो फोटो आता मला नव्यानं बघावासा वाटला.

पण रिपोर्टला एवढं पुरत नाही. संख्या कळतात म्हणजे माणसांचं बोलणं कळतं, असं होत नाही. मेंदूत या दोन गोष्टींची घरं वेगळी आहेत. मला पूल बांधायचा होता.

पुढच्या वेळी मी दोन स्टीलच्या ताटल्या ठेवल्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. कार्डांवर संख्या लिहिल्या. 97 चं कार्ड मी उजव्या ताटलीत ठेवून दाखवलं आणि म्हटलं, "बरोबर." 91 चं डावीकडे ठेवलं आणि म्हटलं, "चूक." 91 दिसायला न फुटणारी वाटते, पण तेरा साते एक्क्याण्णव. सरांच्या ओठांचा डावा कोपरा हलला. त्यांना खेळ कळला होता. 113 उजवीकडे गेली. 119 डावीकडे. 221 हातात धरून ते थांबले, ओठ हलले, आणि ती डावीकडे गेली. तेरा गुणिले सतरा.

मग मी त्यांची आठ आकड्यांची संख्या टेबलावर मांडली आणि नवव्या जागी एक ठेवला. सारला. तीन, सारला. सात, नऊ, दोन्ही सारले. मग सरांनी पुढच्या रिकाम्या जागेवर तळहात उपडा ठेवला आणि म्हणाले, "मुगीतु."

संपलं. स्ट्रोकनंतर आकड्यांखेरीज त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द.

सुमतीअक्कांनी तोंडाला पदर लावला. त्यांना वाटलं, सर स्वतःबद्दल बोलतायत. मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. ही संख्या इथं संपते, पुढे कुठलाही आकडा लावला तरी ती फुटते, आणि ते हेच म्हणतायत. अक्कांना गणित किती कळलं ते माहीत नाही. पण सरांनी बोललेल्या शब्दाला अर्थ होता, एवढं त्यांना कळलं.

त्यानंतर कार्डांवर संख्यांऐवजी वाक्यं आली. मी वाक्य मोठ्यानं वाचायची आणि कार्ड त्यांच्या हातात द्यायची. "तुमचं घर जुन्या हुबळीत आहे." डावीकडे, चूक. "तुमचं घर केलगेरीत आहे." उजवीकडे. "तुमच्या मुलाचं नाव श्रीधर." उजवीकडे. "मी तुमची बहीण आहे." डावीकडे, आणि माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मान मात्र प्रत्येक वेळी हो म्हणतच होती. मान खोटं बोलत होती, हात खरं. पुढं मी प्रत्येक वाक्य उलटंही करून विचारलं, म्हणजे योगायोगाला जागा नको. उलटं वाक्य उलट्या ताटलीत गेलं.

मग मी अक्कांना म्हटलं, तुम्ही विचारा.

"चहा," त्या म्हणाल्या. "बिनसाखरेचा देतेय मी. तो तुम्हाला नको असतो, होय?"

मी कोरं कार्ड सरांच्या हातात दिलं. ते उजव्या ताटलीत इतक्या जोरात पडलं, की ताटली वाजली. अक्का हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मग त्या सरांशी बोलायला लागल्या. शेजारच्यांच्या लग्नाचं, गळक्या नळाचं, कोण कोण भेटायला येऊन गेलं त्याचं. मी त्यांना थांबवलं नाही. थेरपीचा वेळ संपला तरी त्या बोलत होत्या.

शनिवारी श्रीधर आला. मी त्याला आधी सगळं दाखवलं, संख्या, कार्डं, ताटल्या. तो इंजिनियर, त्याला मूळ संख्या समजावायची गरज नव्हती. त्यानं स्वतः मोबाईलवर आठही पायऱ्या तपासल्या आणि मोबाईल खिशात ठेवून दिला.

"हे अप्पांनी मला लहानपणी कधीतरी सांगितलं असेल," तो म्हणाला. "मी ऐकलं नसेल."

मग त्यानं खुर्ची वडिलांसमोर ओढली आणि त्यांच्या हातात कार्ड दिलं.

"अप्पा, तुम्हाला बेंगळुरूला यायचंय?"

डावीकडे. 

"इथं राहायचंय?"

उजवीकडे.

मला वाटलं, झालं. पण श्रीधर उठला नाही. तो तिसरं कार्ड हातात घेऊन बसला होता. ते त्यानं वडिलांच्या हातात दिलं तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"गेल्या शनिवारी मी तुमच्यासमोर बोललो, ते सगळं तुम्हाला कळत होतं?"

सरांनी कार्ड लगेच ठेवलं नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग कार्ड उजव्या ताटलीत अगदी अलगद ठेवलं, आणि तोच हात उचलून श्रीधरच्या गुडघ्यावर ठेवला. त्या हालचालीला कुणी हुकूम दिला नव्हता.

श्रीधरनं मान खाली घातली. मी ताटल्या उचलायचं निमित्त करून बाहेर आले.

सर केलगेरीतच राहिले. श्रीधरनं दिवसभरासाठी एक मदतनीस लावला, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले आणि जमेल तेव्हा धारवाडला येऊन घरूनच काम करायला लागला. बोलणं पूर्ण आलं नाही, येईल असं मी कधी म्हटलंही नव्हतं. पण शब्द येत गेले. आधी कन्नडमधले, मग मराठीतले. एके दिवशी त्यांनी "सुमती" म्हटलं. अक्कांनी तिथल्या तिथं मला फोन करून ते ऐकवलं.

माझा रिपोर्ट मिळाल्यावर न्यूरोच्या डॉक्टरांचा फोन आला. चांगले डॉक्टर आहेत, फार कामात असतात. समज शाबूत आहे, असं मी कशावरून लिहिलं, असं त्यांनी विचारलं.

"मूळ संख्यांवरून," मी म्हटलं.

असं कुठल्या स्टँडर्ड टेस्टमध्ये असतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, पण रिपोर्टमध्ये सगळं लिहिलंय, सावकाश वाचा. त्यांनी वाचलं असावं. आता ते चिठ्ठीवर "अर्थहीन" असं लिहीत नाहीत, "अर्थ लागला नाही" असं लिहितात.

मी माझ्या टेस्ट अजून त्याच वापरते, दुसऱ्या नाहीतही. पण कुणाचे मार्क शून्य आले की पहिल्यांदा टेस्ट तपासते, पेशंट नंतर.